चिमूटभर खाद्य आणि दोनशे लिटर समुद्र

दुपारी तीन वाजले की सासूबाई हॉलमधल्या टाकीसमोर खुर्ची ओढून बसतात आणि पाचेक मिनिटांत हाक येते, "अगं, ही लेकरं माझ्याकडं तोंड उघडून बघायला लागलीत. सकाळी घातलं होतं ना त्यांना?" लेकरं म्हणजे दोन नारिंगी-पांढरे क्लाऊन मासे, एक फायर गोबी, एक सिक्सलाइन रास आणि दिवसभर दगडावरचं शेवाळ खरवडणारी एक ब्लेनी. टाकीत खारं पाणी साधारण २०० लिटर. आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. सगळ्यात जवळचा समुद्र रत्नागिरीचा, तोही घाट उतरून चार तासांवर. त्यामुळं हे पाणी बिघडलं तर पाठीशी दुसरा समुद्र नाही, हे टाकी ठेवणाऱ्यानं पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवावं.

आणि पाणी बिघडतं ते बहुतेक वेळा खाद्यानं. फिल्टर कुठला, लाइट किती वॅटचा, यावर लोक तासन्‌तास बोलतात. दोन बोटांच्या चिमटीतून रोज आत काय आणि किती जातं, यावर कुणी बोलत नाही. म्हणून हा लेख फक्त त्या चिमटीबद्दल.

आधी त्या उघड्या तोंडांचं सांगते. खडकाच्या आसऱ्यानं राहणाऱ्या या माशांना समुद्रात एकदम ताट भरून काही मिळत नाही. प्रवाहाबरोबर बारीक जीव वाहत येतात, समोर येईल ते टिपायचं, असं दिवसभर चालतं. समोर आलेलं सोडायचं नाही ही त्यांची सवयच आहे. काचेपलीकडं माणूस दिसला की पाठोपाठ खाद्य येतं, हे टाकीतला मासा आठ-दहा दिवसांत शिकतो. तो काचेशी येऊन नाचतो तेव्हा त्यानं आपल्याला ओळखलेलं असतं. तो उपाशी असेलच असं नाही.

हे मला कळायच्या आधी आमच्या टाकीला तीन माणसं खाऊ घालत होती. सकाळी आणि रात्री मी, शाळेत जाताना मुलगा, दुपारी आई, म्हणजे सासूबाई. प्रत्येकाला वाटायचं आपण चिमूटभरच घातलं. पाणी काचेसारखं नितळ होतं. तरी दगडांवर तपकिरी-हिरवट लव चढायला लागली, ब्लेनीलाही ती आवरेना, आणि एक दिवस टेस्ट किट काढून नायट्रेट (खाद्यातल्या प्रथिनांचं शेवटी पाण्यात उरतं ते) तपासलं तर नळीतला रंग कार्डावरच्या शेवटच्या, सगळ्यात गडद लाल चौकोनाशी जुळला. नितळ पाणी आणि चांगलं पाणी यात फरक आहे हे त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. नायट्रेटला रंग नाही, वास नाही.

एका मैत्रिणीच्या घरचं सराफी दुकान आहे. मी खाद्याचा डबा घेऊन तिच्याकडं गेले आणि सोन्याच्या काट्यावर तिघांच्या चिमटी तोलल्या, म्हणजे घरी प्रत्येकाकडून कागदावर घालून घेतलेल्या. माझ्या दोन वेळच्या मिळून ०.८ ग्रॅम, मुलाची ०.७, आईंची १.१. एकूण २.६ ग्रॅम. आकडा ऐकून काहीच वाटत नाही. पण त्याचं पुढं पाण्यात काय होतं त्याचा हिशोब केला की वाटतं, आणि हा हिशोब दहावीच्या गणिताच्या पलीकडचा नाही.

पेलेटच्या, म्हणजे दाणेदार कोरड्या खाद्याच्या, डब्यावर प्रथिनं ४५ टक्के अशी काहीतरी ओळ असते. म्हणजे १ ग्रॅम खाद्यात ४५० मिलिग्रॅम प्रथिनं. प्रथिनात साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे ७२ मिलिग्रॅम. हा नायट्रोजन शेवटी नायट्रेट होऊन पाण्यात उतरतो, तेव्हा ऑक्सिजन जोडला गेल्यामुळं त्याचं वजन जवळपास साडेचार पट होतं, ३२० मिलिग्रॅमच्या आसपास. २०० लिटरमध्ये वाटला तर लिटरमागं १.६ मिलिग्रॅम. टेस्ट किटच्या भाषेत १.६ पीपीएम. रोज २.६ ग्रॅम खाद्य म्हणजे दिवसाला ४ पीपीएमच्या वर आणि आठवड्याला २९. थोडा नायट्रोजन माशाच्या अंगी लागतो, थोडा स्किमर (फेसाबरोबर घाण वर काढणारं यंत्र) बाहेर काढतो, म्हणून प्रत्यक्ष आकडा याहून कमी भरतो. पण दिशा हीच.

इथं एक गोष्ट बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. आपण समजतो, तळाशी पडून कुजलेलं खाद्य पाणी घाण करतं आणि माशानं खाल्लेलं मात्र "गेलं". ते कुठंही जात नाही. मासा प्रथिनं पचवतो आणि त्यातला जास्तीचा नायट्रोजन अमोनियाच्या रूपानं बाहेर टाकतो, तोही मुख्यतः विष्ठेतून नव्हे तर कल्ल्यांमधून, श्वासागणिक. म्हणजे एक कणही वाया न घालवता खाऊ घातलं तरी अमोनिया होणारच. खाद्य टाकीत पडलं की ते माशाच्या पोटातून गेलं काय आणि दगडाखाली कुजलं काय, त्याचा हिशोब पाण्यालाच द्यावा लागतो. फरक इतकाच की पहिल्या वाटेनं जाताना त्यानं मासा पोसलेला असतो. दुसऱ्या वाटेनं कुणाचंच भलं होत नाही, वर कुजताना ते पाण्यातला ऑक्सिजनही खातं.

अमोनिया गोड्या पाण्यातल्या माशालाही विषारीच, पण खाऱ्या पाण्यात तो अधिक निर्दय होतो. त्याची दोन रूपं असतात. एक बरंचसं निरुपद्रवी, दुसरं कल्ल्यांतून सरळ रक्तात शिरणारं. पीएच, म्हणजे पाणी आम्लाकडं झुकतं की क्षाराकडं ते सांगणारा आकडा, जितका वर, तितका दुसऱ्या रूपाचा वाटा मोठा. गोड्या पाण्याची टाकी पीएच ७ च्या आसपास असते, समुद्राचं पाणी ८.१ ते ८.४. एवढ्याशा फरकानं विषारी वाटा दहा पटींच्या आसपास वाढतो. पाणी तापलं तर आणखी वाढतो. गोल्डफिश निभावून नेतो त्या चुकीत क्लाऊन मरतो, त्याचं कारण हे.

माझाही एक गेला. पहिलीच टाकी होती. जिथून सामान घेतलं तिथं सांगितलं, फिल्टर लावा, मीठ मिसळा आणि दोन दिवसांनी मासे सोडा. मी सोडले आणि हौसेनं दिवसातून चार वेळा खायला घातलं. दुसऱ्या आठवड्यात एक क्लाऊन पृष्ठभागाशी येऊन भरभर कल्ले हलवायला लागला, आणि दोन दिवसांत संपला. तेव्हा माहीत नव्हतं की अमोनियाचं नायट्राइट करणारे आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू दगडांवर आणि वाळूत रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. दूध विरजायला रात्र जावी लागते तसं हे, फक्त रात्र दीड महिन्याची. तोवर टाकीत मासा नको. खाद्याचे चार दाणे टाकून, अमोनिया वर जाऊन पुन्हा शून्यावर आलेला किटवर पाहायचा, मग नायट्राइटही शून्य झालेलं पाहायचं, आणि त्यानंतर एक-एक मासा आणायचा. जिवाणूंची संख्या रोजच्या खाद्याच्या बेतानं वाढलेली असते. म्हणून जुन्या टाकीतही एका दिवसात तिप्पट खाद्य पडलं तर तेवढ्या पुरता अमोनिया दिसतोच.

नायट्रेट त्या मानानं सौम्य. नुसते मासे असलेल्या टाकीत ते २० ते ४० च्या खाली राहिलं तरी चालतं. पण ते साठत जातं. इथं सांगलीकराला वेगळं समजावून सांगायला नको. पावसाळ्यात आपण एकमेकांना विचारतो, "आयर्विनला किती फूट?" आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा आमचा पूल. ४० फूट इशारा, ४५ धोका. वरून येणारं पाणी आणि खाली निघून जाणारं पाणी यांचा मेळ बसेल तिथं पातळी थांबते. टाकीतलं नायट्रेटही असंच थांबतं. आठवड्याला ९ पीपीएमची भर पडते आणि दर रविवारी २० टक्के पाणी बदललं, तर पातळी वाढत वाढत ४५ ला जाऊन थांबते, कारण ४५ चे २० टक्के म्हणजे ९. पाणी १० टक्केच बदललं तर ती ९० ला जाऊन थांबेल. तिघंजण खाऊ घालत होतो तेव्हा आठवड्याची भर २९ होती आणि मी बदलत होते १० टक्के. नुसत्या हिशोबानं ती पातळी २९० वर जाऊन थांबली असती. त्यावर आणखी पाणी बदलत बसण्यापेक्षा वरून येणारा विसर्ग कमी करणं सोपं होतं.

पण "कमी घाला" एवढ्यावर हा विषय सोडून देऊ नये, असं मला कळकळीनं वाटतं. पाणी स्वच्छ ठेवायच्या नादात मासे अर्धपोटी ठेवणारेही मी पाहिलेत. पाठीचा काटा दिसतो, पोट आत जातं, रंग उतरतो आणि मग पहिल्याच आजारात मासा जातो. रास जातीच्या माशाला तर खरं जठरच नसतं. त्याला एकदाच भरपूर घालून उपयोग नाही, थोडं थोडं दोन-तीनदा लागतं. क्लाऊनला दोन वेळा पुरतं. शेवाळ खाणाऱ्या टँगला दिवसभर चरायला हवं, त्याच्यासाठी नोरीची, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाची, पट्टी चिमट्यात अडकवून ठेवतात. लायनफिशसारख्या मोठ्या शिकारी माशाला आठवड्यातून दोन-तीनदा दिलं तरी तो मजेत राहतो. आपल्या टाकीत कोण आहे ते आधी बघायचं.

आणि घालताना घाई नको. मी आता चार-पाच दाणे टाकते, थांबते, ते टिपले की पुढचे चार. दीड-दोन मिनिटं जातात. एखादा दाणा खाली जाताना दिसला आणि त्यामागं कुणी गेलं नाही, की थांबायची वेळ झाली. त्या वेळात वर पाणी खेचून घेणारा पंप बंद ठेवते, नाहीतर निम्मं खाद्य माशाच्या आधी फिल्टरमध्ये पोचतं. आतला प्रवाह मात्र मंद चालू हवा, कारण वाहत येणाऱ्या दाण्यावर मासा पटकन झेप घेतो. दहा मिनिटांनी पंप पुन्हा चालू. हे विसरू नये म्हणून मोबाईलवर गजर लावते.

खाद्य कुठलं, याचंही थोडं. डब्यावरचा घटकांचा क्रम वाचावा. आधी मासा, क्रिल, कोळंबी असेल तर ते पचतं, अंगी लागतं, आणि थोड्यात भागतं. आधी गव्हाचं पीठ असेल तर विष्ठा जास्त. आपल्याकडं क्लाऊनची पैदास कृत्रिमरीत्या होते, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या तमिळनाडूतल्या मंडपम केंद्रानं ते तंत्र बसवलेलं आहे. असे टाकीत जन्मलेले मासे पेलेट लगेच खातात, म्हणून विकत घेताना ते मागून घ्यावेत. फ्रोजन मायसिस किंवा आर्टेमियाची (हे कोळंबीसारखे बारीक जीव) वडी असेल तर ती तशीच टाकू नये. मी वाटीत टाकीतलंच थोडं पाणी घेऊन वडी विरघळू देते आणि चहाच्या गाळणीनं गाळून घेते (ती गाळणी वेगळी ठेवली आहे, घरात तंटा नको). गाळून निघालेलं ढगाळ पाणी बेसिनमध्ये. त्या पाण्यानं टाकी बुडत नाही, पण जे कुणी खाणारच नाही ते आत कशाला घालायचं? या वडीत बहुतांश पाणीच असतं, म्हणून १ ग्रॅम वडी आणि १ ग्रॅम पेलेट यांची तुलना करू नये. कोरडं खाद्य कितीतरी पट घट्ट असतं.

मिरज-सांगलीच्या मासळी बाजारात बर्फातून येणारी ताजी कोळंबी सोलून, दाण्याएवढी बारीक चिरून, पातळ थर करून गोठवली की उत्तम चालते. मीठ-हळद लावलेली नको. बांगडा आणि तारली मात्र मी टाळते. का, ते सांगायला आधी स्किमर समजावा लागेल, आणि तो समजावायला गुऱ्हाळासारखी जागा नाही.

काहिलीत उसाचा रस तापतो, भेंडीचं पाणी पडतं, आणि मळी फेसाबरोबर वर येते. ती झाऱ्यानं काढून टाकली तर गूळ पिवळाधमक. आत राहिली तर काळा. प्रोटीन स्किमर तेच करतो. उभ्या नळकांड्यात अतिशय बारीक बुडबुडे सोडतात. प्रथिनांचे, चिकट द्रव्यांचे कण बुडबुड्याच्या अंगाला चिकटतात, फेस होऊन वर चढतात आणि वरच्या कपात काळपट पाणी जमा होतं. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक राहतात आणि चटकन एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून हे यंत्र तिथं चालतं, गोड्या पाण्याच्या टाकीत जवळपास नाही. त्याची किंमत यात आहे की ते घाण कुजायच्या आधी, अमोनिया व्हायच्या आधी बाहेर काढतं. एकदा नायट्रेट झालं की स्किमर काही करू शकत नाही. आता तेल. काहील उतू जायला लागली की गुळव्या चार थेंब तेल सोडतो आणि फेस बसतो. टाकीत बांगड्यासारखा तेलकट मासा पडला की स्किमरचा फेसही असाच बसतो, कधी कधी अर्धा दिवस. ज्या वेळी त्याची सगळ्यात गरज, त्याच वेळी तो गप्प.

फॉस्फेटही खाद्यातूनच येतं. १ ग्रॅम पेलेटमधून २०० लिटरला साधारण ०.१५ पीपीएम, आणि ते दगडांत मुरून बसतं, पुढं कित्येक महिने झिरपत राहतं. शेवाळ हटत नसेल तर संशय त्याचा घ्यावा. (प्रवाळ टाकीत ठेवायचा विचार कुणाच्या मनात असेल तर आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं प्रवाळ आणि समुद्री घोडे संरक्षित आहेत. माझ्या टाकीत सिरॅमिकचे दगड आहेत आणि मासे त्यांवर सुखात आहेत.)

एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशी गाठतो आणि टाकीचं पाणी २६ वरून ३० च्या पुढं सरकतं. खारं पाणी मुळातच गोड्यापेक्षा सुमारे एक पंचमांश कमी ऑक्सिजन धरतं, तापल्यावर त्याहून कमी. आणि खाल्ल्यानंतर काही तास माशाला ऑक्सिजन जास्त लागतो, पचवायचं असतं. त्यात वळवाचं वादळ येऊन लाइट गेली की पंप बंद, स्किमर बंद. म्हणून आभाळ भरून आलं की मी खाद्य घालतच नाही. धडधाकट मोठा मासा दोन-तीन दिवस उपाशी राहिला तरी त्याला काही होत नाही. भरल्या पोटानं बंद पाण्यात चार तास काढणं त्याला जड जातं. बॅटरीवरचा एअर पंप मात्र टाकीखालच्या कपाटात कायम चार्ज करून ठेवलेला असतो.

उन्हाळ्यात पंखा लावून टाकी थंड ठेवते तेव्हा दिवसाला दोन-तीन लिटर पाणी उडून जातं. पाणी उडतं, मीठ मागं राहतं. कृष्णाकाठची क्षारपड रानं ज्यांनी पाहिलीत त्यांना हे दाखवायला नको. उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचं गोडं पाणी घालायचं, खारं नाही. बोअरचं पाणी तर नकोच, उसाच्या पट्ट्यात त्यात खतांचं नायट्रेट उतरलेलं असू शकतं, म्हणजे जे काढायला आपण धडपडतो तेच बादलीनं घालायचं. आणि बदलून काढलेलं खारं पाणी झाडांना घालू नये. २० लिटरमध्ये ७०० ग्रॅम मीठ असतं. आमच्या जास्वंदीनं एकदा ते भोगलंय.

काट्यावरच्या त्या दिवसानंतर आईंना "तुम्ही घालू नका" म्हणायचं माझ्या जिवावर आलं. दुपारचा तो अर्धा तास त्यांचा असतो. मग औषधाच्या गोळ्यांचा सात खणांचा डबा आणला. रोज रात्री दुसऱ्या दिवसाचं ०.८ ग्रॅम मोजून एका खणात भरते. त्यातलं निम्मं सकाळी मुलगा घालतो, निम्मं दुपारी आई. मी घालतच नाही, फक्त बघते कुणाचं पोट आत गेलंय, कोण खायला पुढं आलं नाही. आईंना सांगितलं, "आई, चार-चार दाणे टाका, सगळ्यांना मिळतंय का बघा." आता त्या मला येऊन सांगतात की गोबी आज बिळातून बाहेर आली नाही, आणि बहुतेक वेळा त्यांचं खरं निघतं. पाणी २० टक्के बदलायला लागले, आणि चार महिन्यांनी किटवरचा रंग केशरीवर आला. आता तो १५ ते २० च्या मध्ये असतो.

गावच्या जत्रेला किंवा लग्नाला सगळे मिळून तीन-चार दिवस जातो तेव्हा शेजारच्या काकू टाकी बघतात. त्यांच्याकडं वारांची नावं लिहिलेल्या कागदाच्या पुड्या देते, वैद्य देतो तशा, एका दिवसाआड एक. खाद्याचा मोठा डबा कपाटात ठेवून किल्ली बरोबर नेते, कारण ती तोंडं उघडून काचेशी आली की काकूंनाही राहवणार नाही.